सात पोथ्यांचा हिशेब

श्रावण लागला किंवा मार्गशीर्ष आला, की गोडादरा, डिंडोली, लिंबायत या आमच्या भागातल्या पूजेच्या दुकानांची मांडणी बदलते. नारळ, कापूर, वाती मागे जातात आणि पुढे पोथ्यांची थप्पी येते. मार्गशीर्षातल्या गुरुवारची महालक्ष्मी, सोळा सोमवार, संतोषी माता, हरतालिका आणि बारा महिने तेरा काळ खपणारी वैभवलक्ष्मी. लाल-पिवळे मुखपृष्ठ, कमळावरची देवी, हातातून पडणाऱ्या मोहरा. गुजराती, हिंदी, मराठी, ज्या भाषेत हवी त्या भाषेत. गिऱ्हाईक बहुतेक बाईमाणूसच. पुस्तकांच्या दुकानात माणूस एक पुस्तक मागतो; इथे बायका सात मागतात, अकरा मागतात, एखादी एकवीसही मागते. दुकानदार ‘कोणतं?’ असे विचारत नाही, ‘किती?’ असे विचारतो.

नियम आपल्याला ठाऊक आहेच. अकरा किंवा एकवीस शुक्रवार व्रत करायचे. वाटीत सोन्याचांदीचा दागिना, तो नसेल तर एक रुपया ठेवून पूजा करायची, कहाणी वाचायची. शेवटच्या शुक्रवारी उद्यापन. खिरीचा नैवेद्य, नारळ, आणि कमीत कमी सात सवाष्णींना किंवा कुमारिकांना कुंकू लावून याच व्रताची पोथी भेट द्यायची. अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एकसुद्धा देता येतात. जितक्या पोथ्या जास्त, तितकी कृपा जास्त, असे पोथीतच छापलेले असते. या पोथीच्या परिचित आवृत्त्यांपैकी एक आपल्या सुरतेचीच. साहित्य संगम, सुरत हे नाव अनेकींनी मुखपृष्ठावर वाचले असेल.

सुरतेला धर्माची पुस्तके छापण्याची सवय तशी जुनीच. लंडन मिशनरी सोसायटीच्या स्किनर आणि फाय्वी या पाद्र्यांनी बायबलच्या गुजराती भाषांतराचे काम याच शहरात केले, त्याला आता दोनशे वर्षे होऊन गेली. छापखाना आणि देव यांची सोयरीक आजची नाही. पण कोणती पोथी कोणासाठी छापली जाते, तिने बाईला काय दिले आणि बाईकडून काय घेतले, हे विचारायला हरकत नसावी.

आधी घेण्याची बाजू पाहू. माझा विषय साहित्य, गणित नव्हे. तरी एकदा कागदावर मांडून पाहिले. एका बाईने सात पोथ्या दिल्या. त्या सातजणींनी व्रत धरून प्रत्येकी सात दिल्या, तर एकोणपन्नास. पुढच्या फेरीत ३४३, मग २,४०१, आणि पाचव्या फेरीत १६,८०७. एकवीस शुक्रवार म्हणजे साधारण पाच महिने. म्हणजे दोन वर्षांत एका बाईपासून सोळा हजारांच्या वर पोथ्या! कोणत्याही विक्रेत्याला हेवा वाटावा असे हे गणित आहे. जाहिरात नको, एजंट नको, कमिशन नको. गिऱ्हाईकच पुढचे गिऱ्हाईक घरी बोलावून, कुंकू लावून तयार करते.

प्रत्यक्षात असे घडत नाही, कारण गल्लीतल्या बायका त्याच असतात. मी तुम्हाला देते, तुम्ही मला देता. माझ्याच देव्हाऱ्याखालच्या खणात याच पोथीच्या पाच प्रती आहेत. मुखपृष्ठावर देवी असल्यामुळे त्या रद्दीत देववत नाहीत, आणि पाच प्रती वाचण्यासारखे पाचांत काही वेगळे नाही. बऱ्याच घरांतून त्या शेवटी निर्माल्याबरोबर तापीत जातात. एका प्रतीची किंमत फार नसते हे खरे. पण आमच्या भागात घरोघर बायका साड्यांना स्टोन लावतात, लेस शिवतात, धागे कापतात आणि साडीमागे मोजके रुपये मिळवतात. सात पोथ्या, नारळ, खीर, फळे हा खर्च त्यांच्या हिशेबात कमी नसतो.

आता देण्याची बाजू. ती सोडून बोलणे म्हणजे अन्याय होईल.

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. शहादा तालुक्यातल्या आमच्या गावी मार्गशीर्षातल्या गुरुवारी संध्याकाळी ओट्यावर बायका जमत आणि पोथी वाचायचे काम माझ्याकडे असे. मी तेव्हा चौथीत होते. अडखळले की आई न पाहता पुढचा शब्द सांगायची, कारण तिला सगळी कहाणी पाठ होती. सौराष्ट्रातला भद्रश्रवा राजा, त्याची राणी सुरतचंद्रिका, त्यांची लेक शामबाला. सुरतचंद्रिका म्हणजे सुरतेची राणी असणार, असे मला तेव्हा वाटे. पुढे लग्न होऊन सुरतेतच येईन हे कुठे ठाऊक होते! पण मला मोठ्याने, ठसक्यात, माणसांसमोर वाचायला शिकवले ते या पोथीने. पन्नास बायकांच्या घरांत पाहिले तर आजही गणपतीच्या आरत्यांचे पुस्तक आणि दोन-चार व्रताच्या पोथ्या, एवढेच मराठी छापील साहित्य सापडेल. मुले गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात गेली. आईचे मराठी वाचन टिकले ते शुक्रवार-गुरुवारच्या वाचनावर. अशा पोथीला नाक मुरडणे मला जमणार नाही.

आणि वैभवलक्ष्मीची कहाणी बायकांना आपली का वाटते, तेही पाहण्यासारखे आहे. जुन्या कहाण्यांत आटपाट नगर असते, राजा असतो, आवडती-नावडती असते. ही कहाणी मोठ्या शहरात सुरू होते. लाखोंची वस्ती, जो तो आपल्या कामात, शेजाऱ्याला शेजाऱ्याची दखल नाही. दारू, जुगार, रेस, वाईट संगत. शीला नावाची साधी बाई. तिचा नवरा चांगला होता, संगतीने बिघडला, घरात खायची पंचाईत झाली. हे वाचताना उधना-जळगाव मार्गाच्या गाडीने शिरपूर, अमळनेर, एरंडोल, नवापूरहून इथे आलेल्या बाईला वेगळी कल्पना करावी लागत नाही. लूम खात्यात बारा तास उभा राहणारा नवरा आणि खोलीचे भाडे तिला पाठच असते. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. तरी २०२२ साली बोटाद जिल्ह्यात विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसे गेली. बंदी कागदावर असते, दारू घरात येते. शीलाची गोष्ट जुनी होत नाही ती त्यामुळे.

पण साहित्य शिकवणारी म्हणून मला या कहाणीत दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे नवरा चुकतो आणि उपास बायकोला पडतो. मार्गशीर्षाच्या कहाणीत चूक राणीची असते. दारी आलेल्या म्हातारीचा ती संपत्तीच्या तोऱ्यात अपमान करते आणि तिचे तिलाच भोगावे लागते. त्यात एक न्याय आहे. इथे शीलाचा काहीच दोष नाही. तरी म्हातारी बोलते ती शीलाशीच. नवऱ्याला कोणी एक शब्द विचारत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कहाणीतली शीलाही एकवीस शुक्रवार झाल्यावर सात बायकांना याच व्रताची सात पुस्तके देते. जे पुस्तक आपण वाचतो आहोत, तेच पुस्तक कहाणीच्या आत वाटले जाते. कहाणी संपते तिथेच खरेदीची यादी सुरू होते.

जुन्या कहाण्यांत असे नव्हते. रविवारच्या, आदित्यराणूबाईच्या कहाणीत सांगणारीच ऐकणाऱ्याच्या शोधात असते. मोळीविक्या भेटतो, ज्याच्या मळ्याला पाणी नाही असा माळी भेटतो, मुलांना मुकलेली म्हातारी भेटते. सहा मोत्यांतली तीन ऐकणाऱ्याला द्यायची, तीन आपण ठेवायची आणि कहाणी सांगायची. ऐकणाऱ्याचेही भले होते. तिथे देणे होते, पण ते गरजूला होते. सातही जणींच्या घरी आधीच असलेली वस्तू सातही जणींना देणे, हा शोध मात्र छापखान्यानंतरचा.

हे आपल्याकडेच होते असे मुळीच नाही. अमेरिकेत ख्रिस्ती पुस्तकांचा धंदा फार मोठा आहे. झोंडरव्हॅन या प्रकाशनाने १९९० साली खास बायकांसाठी बायबल काढले. मजकूर तोच, मधे मधे स्त्रियांनी लिहिलेली रोजची चिंतने. ते चालले. मग आईसाठी वेगळे, नववधूसाठी वेगळे, किशोरींसाठी वेगळे, पर्समध्ये मावणारे, फुलाफुलांच्या वेष्टनाचे, अशी रीघ लागली. थॉमस नेल्सन या प्रकाशनाने २००३ साली मुलींसाठी नवा करार चक्क चकचकीत मासिकाच्या रूपात आणला. त्याचे नाव ‘रिव्हॉल्व’. पानोपानी हसऱ्या मुलींची छायाचित्रे, सौंदर्याच्या सूचना, प्रश्नमंजूषा. या दोन्ही प्रकाशन संस्था आज हार्परकॉलिन्स या एकाच मोठ्या कंपनीकडे आहेत, आणि ती कंपनी रूपर्ट मर्डोक यांच्या उद्योगातली. कारण उघड आहे. अमेरिकेत बायबल नाही असे घर शोधावे लागेल. ज्याच्याकडे एक आहे त्याला दुसरे कसे विकायचे? तर ‘हे तुमच्यासाठी खास आहे’ असे सांगून. तिकडे एका बाईला सात तऱ्हेची बायबले विकायची; इकडे एका बाईला एकाच तऱ्हेच्या सात पोथ्या. युक्त्या दोन, बाई तीच.

या अमेरिकन पुस्तकांविषयी वाचताना मला राहून राहून आठवतात त्या आपल्या पंडिता रमाबाई. बायकांसाठी बायबल त्यांनीही केले. पण कसे?

पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या, टाकलेल्या, विधवा अशा शेकडो मुली-बायका होत्या. चर्चमध्ये रूढ असलेल्या बायबलची मराठी त्यांना जड जाई. रमाबाई संस्कृतच्या पंडिता. त्या मनात आणत्या तर आणखी भारदस्त मराठी लिहू शकल्या असत्या. त्यांनी उलट केले. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून घेतल्या आणि आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे घालून संपूर्ण बायबल साध्या मराठीत, एकहाती आणले. छापखाना मुक्तीतलाच. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या तिथल्याच मुली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ साली ते बायबल पूर्ण छापून बाहेर आले. पुढे चर्चमध्ये बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले, हा भाग निराळा. पण बायकांसाठी ग्रंथ करणे म्हणजे काय, ते रमाबाईंनी दाखवले. त्यांनी मुखपृष्ठ बदलले नाही, भाषा बदलली. आणि वाचणाऱ्या बायकांच्या हाताला कामही दिले.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे पैसा वाईट? मुळीच नाही. रमाबाईंचे पहिले पुस्तक ‘स्त्रीधर्मनीति’ १८८२ सालचे, तेही बायकांसाठीच. त्याच्या विक्रीच्या पैशांवर त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. १८८७ साली अमेरिकेत इंग्रजी पुस्तक लिहिले, तेही खपले, आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. बाईचे पुस्तक विकले गेले आणि त्यातून बायकांची शाळा उभी राहिली, याहून चांगला व्यापार कोणता? गोरखपूरच्या गीता प्रेसचेही तसेच पाहा. १९२३ साली निघालेली ही संस्था शंभर वर्षे स्वस्तात पुस्तके देत आली. तिच्या ‘कल्याण’ मासिकात जाहिरात नसते. त्यांची बायकांनी कसे वागावे हे सांगणारी पुस्तके मला पटत नाहीत. पण एकाच घरात सात प्रती जाव्यात असा नियम त्यांनी घातला नाही, हे मान्य करायला हवे.

हे सारे मी वर्गात नाही, घरच्या ओट्यावर बोलत असते, आणि ते नुसते बोलणे राहिले नाही. माझ्या एका विद्यार्थिनीची आई स्टोनचे काम करते. नवरा पितो. तिने एकवीस शुक्रवार केले. विसाव्या शुक्रवारीही तो पिऊन आला. मग गल्लीतल्या कोणीतरी तिच्या डोक्यात भरवले, की तुझी पोथी अस्सल नाही, म्हणून फळ नाही. एक दिवस ती पोथी पदराखाली घेऊन माझ्याकडे आली.

‘‘मॅडम, हाई पोथी खरी शे का खोटी?’’ तिने विचारले. मग थोडे थांबून म्हणाली, ‘‘मन्ह काय चुकनं?’’

खरे म्हणजे मला राग आला तो या दुसऱ्या प्रश्नाचा. पाच महिने उपास करणाऱ्या बाईला शेवटी आपलेच काहीतरी चुकले असे वाटावे, आणि चूक शोधायची कुठे, तर पोथीच्या छापात! मी तिच्याच पोथीतला, म्हातारी शीलाच्या दारी येते तो भाग वाचून दाखवला. म्हटले, ‘‘ताई, नीट ऐका. म्हातारी आली तेव्हा शीलाने एक तरी शुक्रवार केला होता का? तिच्या घरी एक तरी पोथी होती का? नव्हती. देवी आधी आली, पोथी मागून. आणि ती का आली? शुक्रवारी देवळात भजनाला शीला दिसली नाही, बरेच दिवस दिसली नाही, म्हणून चौकशीला आली. पोथी तुमची खरीच आहे. तुमचं काही चुकलं नाही.’’

ती बराच वेळ पोथीकडे पाहत बसली. मग विचारले, ‘‘सात नाही वाटल्या तर चालेल?’’ याचे उत्तर मी दिले नाही. बोललेला नवस तिचा, देवी तिची. तिने सात वाटल्या. सातांत एक मी होते. त्या संध्याकाळी खिरीच्या वाट्या हातात असताना तिने नवऱ्याच्या पिण्याचे पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितले. आम्हा सातजणींत दोघींच्या घरी तेच होते, हे तेव्हा कळले. पलीकडच्या गल्लीतल्या उत्तर प्रदेशच्या भाभींनी आपल्या दिराला सरकारी दवाखान्यात दारू सोडवण्यासाठी कसे नेले, कोणत्या खिडकीला कागद काढायचा, तेही सांगितले. हिचा नवरा आतापर्यंत दोनदा तिथे जाऊन आला. सुटली का? नाही, अजून सुटलेली नाही. पण आता हे तिचे एकटीचे गुपित नाही. शुक्रवारी ती दिसली नाही तर कोणी ना कोणी दार वाजवते.

व्रताचे मोल मला यात दिसते. सात पोथ्यांत नाही, सातजणी एका खोलीत बसतात त्यात. पोथी हे त्यांना बोलावण्याचे निमित्त. निमित्त एक पुरते. सात लागत नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, एक सुचवते, पटले तर पाहा. उद्यापनाला देवीची पोथी जरूर द्या, पण एकच, आणि तीही जिच्याकडे नाही तिला. बाकीच्या सहाजणींच्या वाणात सहा वेगळी पुस्तके घाला. बहिणाबाई चौधरींची गाणी द्या. असोद्याच्या या माउलीला लिहिता येत नव्हते. १९५१ साली ती गेल्यावर पुढच्याच वर्षी मुलाने तिची कविता छापून आणली, म्हणून आपल्याला मिळाली. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींची ‘श्यामची आई’ द्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक आजही कोणत्याही आईला वाचता येते. लहान मुलीच्या हाती बाराखडीचे पुस्तक द्या. वाचून झाले की बायकांनी आपसात बदलून घ्यावीत. चार उद्यापने झाली की गल्लीत चोवीस पुस्तके झाली, म्हणजे एक छोटे वाचनालयच.

देवीला राग येईल का, असे मला एका शेजारणीने विचारले. मी म्हटले, दुकानदाराला येईल कदाचित. तिने पुढच्या मार्गशीर्षासाठी बहिणाबाईंचे पुस्तक कुठे मिळते ते विचारून ठेवले आहे. गोडादऱ्यात ते कुठल्याच दुकानात नाही. जळगावहून येणाऱ्या पाहुण्यांकडून मागवायचे ठरले आहे.